महाविद्यालयाचा संगणक आणि अमानतीचा प्रश्न



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमध्ये एक समाधान देणारे दृश्य दिसू लागते. मुले-मुली कागदपत्रांच्या फायली घेऊन महाविद्यालयांच्या फेऱ्या घालू लागतात. प्रवेश निश्चित झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या हाती दोन वस्तू येतात. एक, गळ्यात अडकवायचे ओळखपत्र. आणि दुसरी, संगणक कक्षासाठी व वायफायसाठी मिळालेला युजर आयडी आणि पासवर्ड. ओळखपत्र घरी आले की आई ते कौतुकाने हातात घेऊन पाहते. दुसऱ्या वस्तूकडे मात्र घरात कोणाचेही लक्ष जात नाही. वास्तविक त्या दुसऱ्या वस्तूसोबत एक शरई जबाबदारीही घरात आलेली असते.

इमाम या नात्याने तरुण मुले मला अनेक प्रश्न विचारतात. सुटलेली नमाज कशी अदा करावी, वसतिगृहातील जेवणाचे काय, परीक्षेच्या दिवसांत रोजा कसा सांभाळावा, असे ते प्रश्न असतात. परंतु मित्राच्या पासवर्डने वायफाय वापरणे जायज आहे का, किंवा संगणकावर दुसऱ्याचे खाते उघडे राहिलेले दिसले तर काय करावे, असे आजवर मला कोणी विचारलेले नाही. या गोष्टींचा दीनशी संबंध आहे, हेच आपण मुलांना सांगितलेले नाही. ते सांगण्याचा हा एक अल्पसा प्रयत्न आहे.

चावीची गोष्ट

सूरह अन-निसाच्या ५८ व्या आयतीत अल्लाहने अमानती त्यांच्या हक्कदारांकडे पोहोचत्या करण्याचा स्पष्ट आदेश दिला आहे. या आयतीच्या संदर्भात अनेक मुफस्सिरीनांनी मक्काविजयाचा, म्हणजे हिजरी सन ८ चा प्रसंग नमूद केला आहे. काबागृहाची चावी हजरत उस्मान बिन तलहा (रजि.) यांच्या घराण्याकडे असे. त्या दिवशी संपूर्ण मक्का प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हाती आली होती. काबागृह उघडण्यासाठी चावी घेतली गेली, आणि काम झाल्यावर प्रेषितांनी (स.) ती पुन्हा उस्मान बिन तलहा (रजि.) यांच्याच हाती दिली.

चावी हातात असणे आणि घराची मालकी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रसंगातून उमगते. महाविद्यालयाने दिलेला पासवर्ड ही अशीच एक चावी आहे. ती विशिष्ट व्यक्तीला, विशिष्ट कामासाठी आणि विशिष्ट मुदतीसाठी दिलेली असते. जिला ती दिली, तिला वापराचा हक्क मिळतो. ती वाटण्याचा हक्क मिळत नाही.

येथे कोणी म्हणेल, ‘आम्ही फी भरलेली आहे.’ हे खरेच आहे. परंतु शेजारी बसलेल्या विद्यार्थ्यानेही फी भरलेली असते. फीमुळे आपल्याला आपला वाटा मिळतो, दुसऱ्याचा वाटा मिळत नाही. आणि ‘ही संस्था काही आपल्या लोकांची नाही’ असे जर कोणाच्या मनात येत असेल, तर त्याने हिजरतची रात्र आठवावी. मक्केतील विरोधक प्रेषितांच्या (स.) प्राणावर उठले होते; तरीही त्यांच्याच अमानती ज्याच्या त्याला परत करण्यासाठी प्रेषितांनी (स.) हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले. अमानतीच्या बाबतीत समोरच्याचा धर्म विचारला जात नाही.

माझ्या हातून झालेली चूक

हे मी केवळ ग्रंथ वाचून लिहीत नाही. मदरशातील शिक्षण पूर्ण करून मी मराठी विषयात बी.ए. करीत होतो, तेव्हाची ही गोष्ट आहे. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विद्यार्थ्यांसाठी चार संगणक होते आणि त्यांपैकी एक बहुधा बंदच असे. एके दुपारी मी त्यांतील एका संगणकावर बसून मोठमोठ्या आलिमांचे बयान पेन ड्राइव्हवर उतरवून घेत होतो. दीनचे काम आहे, मोहल्ल्यातील लोकांना ऐकवीन, सवाब मिळेल, अशी माझी धारणा होती. दोन तास मी जागेवरून हललो नाही.

माझ्या मागे एक मुलगी उभी होती. तिच्या हातात शिष्यवृत्तीच्या अर्जाची कागदपत्रे होती. तिने एकदा ग्रंथपालांना विचारले, एकदा घड्याळाकडे पाहिले. मी ते पाहिले. परंतु ‘आणखी एकच फाईल’ असे म्हणत बसून राहिलो. पाच वाजण्याच्या सुमारास ती निघून गेली. गावाकडे जाणारी तिची एस.टी. त्या वेळेची असावी. दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांच्या बोलण्यातून मला कळले, की अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस होता आणि तिचा अर्ज राहून गेला होता. त्या मुलीचे नाव मला ठाऊक नव्हते आणि ते आजही मला ठाऊक नाही.

मी कोणतीही अश्लील गोष्ट पाहिली नव्हती, कोणाचा पासवर्ड चोरला नव्हता. तरीही त्या दुपारी एका गरीब मुलीच्या हक्काची वेळ मी खर्च केली होती, आणि तीही सवाबाच्या नावाखाली. नेक हेतूमुळे दुसऱ्याचा हक्क आपला होत नाही, हा धडा मदरशातील अनेक वर्षांच्या शिक्षणानंतर मला त्या संगणकाच्या खुर्चीत मिळाला.

पाण्याच्या पाळीचा नियम

सामायिक गोष्ट कशी वापरावी याबद्दल सहीह बुखारीत एक बोधप्रद प्रसंग आहे. मदीनेतील हर्रा या भागातून वाहणाऱ्या पाटाच्या पाण्यावरून हजरत जुबैर (रजि.) आणि एक अन्सारी यांच्यात वाद झाला. जुबैर (रजि.) यांची खजुरीची बाग वरच्या बाजूला होती. प्रेषितांनी (स.) प्रथम असा सल्ला दिला, की जुबैर (रजि.) यांनी आपल्या बागेला पाणी द्यावे आणि मग ते शेजाऱ्यासाठी सोडून द्यावे.

पाटाच्या पाण्यावर पाळीने शेती करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हा न्याय समजावून सांगावा लागत नाही. वरच्याने बांध घालून पाणी अडवले तर खालच्याचे पीक वाळते. महाविद्यालयाचे वायफायसुद्धा असाच एक पाट आहे. बाहेरून येणाऱ्या जोडणीची क्षमता ठरलेली असते आणि ती सर्वांत वाटली जाते. एकाने चित्रपट उतरवायला लावला, दुसऱ्याने क्रिकेटचा सामना लावला, की शेजारच्या वर्गात ऑनलाइन चाचणी देणाऱ्या विद्यार्थ्याचे पान उघडता उघडत नाही. त्याचा चेहरा आपल्याला दिसत नसला, तरी त्याचे पीक वाळलेले असते.

ग्रंथालयातील ई-पुस्तके आणि ई-नियतकालिके यांनाही हाच नियम लागू होतो. गांधीनगर येथील ‘इन्फ्लिबनेट’ या केंद्राच्या ‘एन-लिस्ट’ योजनेतून अनेक महाविद्यालयांच्या विद्यार्थी-शिक्षकांना हजारो ग्रंथ व नियतकालिके वाचता येतात. ही सोय अभ्यासापुरते वाचण्यासाठी असते. एखाद्याने यंत्रवत शेकडो लेख उतरवण्याचा सपाटा लावला, तर प्रकाशक संपूर्ण संस्थेचाच प्रवेश रोखू शकतो. विहीर एकाने उपसायची आणि तहानलेले मात्र सर्वांनी राहायचे, असा तो प्रकार होतो.

दार उघडे असले तरी

सूरह अन-नूरच्या २७ व २८ व्या आयतींत दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय प्रवेश करण्यास मनाई आहे. त्यातील एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. घरात कोणी नसेल तरीही, परवानगी मिळेपर्यंत आत जाऊ नये असे तेथे सांगितले आहे. म्हणजे दार उघडे असणे ही परवानगी नव्हे आणि मालक गैरहजर असणे ही सवलत नव्हे.

संगणक कक्षात हे रोज घडते. आधीचा विद्यार्थी घाईत उठून जातो आणि त्याचा ई-मेल उघडाच राहतो. एखाद्या मुलीचे छायाचित्र, घरच्यांशी झालेला संवाद, फीच्या थकबाकीचे पत्र, सारे समोर असते. ‘मी काही फोडले नाही, ते उघडेच होते’ हा युक्तिवाद येथे चालत नाही. हजरत सहल बिन साद (रजि.) यांच्या वृत्तांतानुसार एका माणसाने प्रेषितांच्या (स.) हुजऱ्यात छिद्रातून डोकावून पाहिले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला अत्यंत कठोर शब्दांत सुनावले आणि परवानगीचा नियम नजरेसाठीच ठरवलेला आहे, हे स्पष्ट केले. पाय आत गेला नाही तरी नजर आत गेलेली असते. अशा वेळी मुलाने एकच काम करावे: काहीही न वाचता ते खाते बंद करावे. शक्य असल्यास त्या विद्यार्थ्याला सावध करावे. रस्त्यातील त्रासदायक वस्तू बाजूला करणे ही जर ईमानची एक शाखा असेल, तर भावाचे उघडे दार लोटून घेणे त्याहून वेगळे नाही.

पासवर्डची देवाणघेवाण

‘मौलाना, मित्रच आहे तो, दिला पासवर्ड तर काय बिघडले?’ असे मुले सहज म्हणतील. याचे उत्तर संगणकाच्या आरंभीच्या इतिहासात सापडते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६१ साली एक मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची व्यवस्था उभी राहिली. ज्याचे काम त्याच्यापुरते राहावे म्हणून प्रत्येकाला पासवर्ड देण्यात आला आणि वापराचे तासही ठरवून देण्यात आले. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याचे चार तास अपुरे पडत. १९६२ साली त्याने सर्वांच्या पासवर्डची यादीच छापून घेतली आणि इतरांच्या नावाने तो संगणक वापरू लागला. पुढे अनेक वर्षांनी त्याने स्वतःच हे सांगितले. त्याचा हेतू अभ्यासाचाच होता. तरीही जो वेळ तो वापरत होता, तो दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यातून वजा होत होता.

आपल्याकडे याला कायद्याचीही बाजू आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-सी नुसार दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीने वापरल्यास ३ वर्षांपर्यंत कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणे, त्यात विषाणू सोडणे किंवा त्याचे नुकसान करणे याबद्दल कलम ४३ मध्ये भरपाईची तरतूद आहे. तेच कृत्य अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ नुसार ते शिक्षेस पात्र ठरते.

मुलांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जाळ्यावर कोणत्या खात्यातून, केव्हा, काय झाले याची नोंद राहते. त्या नोंदीत मैत्री दिसत नाही, फक्त नाव दिसते. मित्राने तुमच्या खात्यातून एखाद्या मुलीला अभद्र संदेश पाठवला, किंवा दोन समाजांत तेढ वाढवणारा मजकूर पसरवला, तर प्राचार्यांच्या टेबलावर तुमचे नाव येईल. आई-वडिलांना बोलावणे येईल, आणि निर्दोष असल्याचे सिद्ध करता करता वर्ष वाया जाईल. म्हणून मित्राला पासवर्ड नाकारणे हा कंजूषपणा नाही. त्याला गरज असेल तर त्याच्यासोबत संबंधित कर्मचाऱ्यांकडे जा आणि त्याला त्याचे स्वतःचे खाते मिळवून द्या. खरी मदत ती आहे.

जहाजाचे छिद्र

हजरत नोमान बिन बशीर (रजि.) यांनी कथन केलेली जहाजाची हदीस आपल्या परिचयाची आहे. काही लोक जहाजाच्या वरच्या मजल्यावर आणि काही खालच्या मजल्यावर होते. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागे. वरच्यांना त्रास नको म्हणून त्यांनी आपल्याच हिश्श्यात छिद्र पाडण्याचे ठरवले. वरच्यांनी त्यांना रोखले नाही तर सारेच बुडतील आणि रोखले तर सारेच वाचतील, असा या हदीसचा बोध आहे. यात एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. छिद्र पाडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी हेच घडले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने एक छोटा प्रोग्राम लिहून इंटरनेटवर सोडला. संगणकांची मोडतोड करण्याचा त्याचा इरादा नव्हता. परंतु त्याच्या रचनेतील चुकीमुळे तो प्रोग्राम एकाच संगणकात पुन्हा पुन्हा शिरू लागला आणि संगणक ठप्प होत गेले. त्या काळी जोडलेल्या सुमारे ६०,००० संगणकांपैकी अंदाजे ६,००० संगणकांना बाधा झाली, असे मानले जाते. मॉरिसला न्यायालयाने १९९० साली ३ वर्षांची देखरेख, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा सुनावली. एका हुशार विद्यार्थ्याने पाडलेल्या छिद्रातून इतके पाणी आत आले.

आपली मुले असा प्रोग्राम लिहीत नसतील. परंतु बाजारातील दुकानातून गाणी-चित्रपट भरून आणलेला पेन ड्राइव्ह तपासणी न करता प्रयोगशाळेच्या संगणकाला जोडणे हेही छिद्रच आहे. कर्मचाऱ्यांना न विचारता फुकटचे चोरीचे सॉफ्टवेअर टाकणे, विषाणूरोधक यंत्रणा ‘संगणक मंद होतो’ म्हणून बंद करणे, बंद केलेली संकेतस्थळे आडमार्गाने उघडणे, हीसुद्धा छिद्रेच आहेत. एका पेन ड्राइव्हमधील विषाणूने दुसऱ्या विद्यार्थ्याचा वर्षभराचा प्रकल्प नष्ट होऊ शकतो. आणि आपण हे पाहिले असून गप्प बसलो, तर आपण जहाजाच्या वरच्या मजल्यावरील निष्क्रिय प्रवासी ठरतो.

छोटी वस्तू, मोठा हिशेब

‘दोन पाने जास्त छापली’, ‘हेडफोन घरी नेला’, ‘माऊस बदलून घेतला’, या गोष्टी किरकोळ वाटतात. खैबरच्या मोहिमेनंतर मिदअम नावाचा एक सेवक बाण लागून मरण पावला. लोक म्हणू लागले, की त्याला स्वर्ग लाभला. प्रेषितांनी (स.) मात्र सांगितले, की वाटणीपूर्वी सामायिक मालातून त्याने घेतलेली चादर त्याच्यावर आग होऊन पेटत आहे. हे ऐकताच एक माणूस जोड्याचा एक-दोन बंद घेऊन धावत आला. प्रेषितांनी (स.) त्या बंदालाही आगीचा बंद म्हटले. सूरह आले-इमरानच्या १६१ व्या आयतीतही हाच इशारा आहे, की सामायिक मालात केलेली खयानत माणसाला कयामतच्या दिवशी सोबत घेऊन यावे लागेल.

याच संदर्भातील एक हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. युद्धातील माल गोळा झाला, की हजरत बिलाल (रजि.) लोकांना हाक देत आणि लोक आपापल्याजवळील वस्तू आणून जमा करीत. एकदा वाटणी झाल्यानंतर एक माणूस केसांचा एक लगाम घेऊन आला. तीनदा दिलेली हाक त्याने ऐकली होती, परंतु उशीर केला होता. प्रेषितांनी (स.) तो लगाम स्वीकारला नाही; आता तो कयामतच्या दिवशीच आणावा लागेल, असे त्याला सांगितले. सामायिक मालाचे हक्कदार पांगले, की परतफेडीची वाट अशी अवघड होते.

म्हणून तौबा वेळेत करावी. चूक संस्थेच्या वस्तूबाबत असेल तर वस्तू परत करावी, नुकसान सांगावे, भरपाई द्यावी. चूक ओळखीच्या विद्यार्थ्याबाबत असेल तर त्याच्याकडे जाऊन माफी मागावी. हक्कदार सापडतच नसेल, तर त्याच्यासाठी दुआ करावी, त्याच्या वतीने सदका द्यावा आणि तशाच गरजवंतांच्या उपयोगी पडावे, असे उलमांचे मार्गदर्शन आहे.

त्या मुलीला मी कोठे शोधणार? आता काही वर्षांपासून शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात मशिदीलगतच्या खोलीत माझा लॅपटॉप परिसरातील मुलामुलींसाठी उघडा असतो. कोणत्याही धर्माचे मूल आले तरी आम्ही त्याचा अर्ज भरून देतो. त्याने माझा हिशेब पुरा झाला असे मला म्हणता येत नाही. तो निवाडा अल्लाहकडे आहे.

घरात बोलण्यासाठी

आई-वडिलांना माझी विनंती आहे, की मूल महाविद्यालयात जाऊ लागले की एखाद्या संध्याकाळी मगरिबनंतर त्याला जवळ बसवावे आणि पुढील गोष्टी प्रेमाने समजावून सांगाव्यात.

१. पासवर्ड कोणालाही देऊ नये आणि कोणाचा मागू नये. उठताना लॉग आउट झाल्याची खात्री करावी.
२. मागे कोणी उभे आहे का, हे अधूनमधून वळून पाहावे. ज्याची मुदत संपत आहे, त्याला आधी जागा द्यावी.
३. दुसऱ्याचे उघडे खाते न वाचता बंद करावे.
४. पेन ड्राइव्ह तपासूनच जोडावा. काही बिघडले तर लपवू नये. स्वतः जाऊन सांगावे.
५. जे घरच्यांसमोर पाहता येणार नाही, ते महाविद्यालयातही पाहू नये. नोंद ठेवणारी यंत्रणा एखादे वेळी बंद असेल, परंतु सूरह बनी इस्राईलच्या ३६ व्या आयतीनुसार कान, डोळे आणि हृदय या प्रत्येकाची विचारणा होणार आहे.

आणि हे सांगण्यापूर्वी आपण स्वतः शेजाऱ्याचे वायफाय त्याला न विचारता वापरत नाही ना, कार्यालयाच्या प्रिंटरवर घरचे कागद छापत नाही ना, हेही तपासावे. मुले आपले उपदेश विसरतात, आपले वागणे विसरत नाहीत.

अल्लाह आपल्याला व आपल्या मुलांना अमानतदार बनवो, आपल्या हातून ज्यांचे हक्क बुडाले असतील त्यांना त्याचा उत्तम मोबदला देवो, आणि आपली तौबा स्वीकारो. आमीन.